आळीत उरलेली एकच रेघ

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही. दाराची साखळी तशीच ठेवून, फटीतून एक डोळा लावून ते म्हणाले, "विम्याकडून आलात?"

"नाही. खोलीसाठी आलेय. इथल्या कॉलेजात शिकवते."

"काय शिकवता?"

"अर्थशास्त्र."

"म्हणजे विम्याकडूनच," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. आतून त्यांच्या बायकोचा, काकूंचा, आवाज आला, "अहो, पोरगी उन्हात उभी आहे!" मग दार पुन्हा उघडलं. साखळी मात्र मी माझ्या वडिलांचं गाव, कॉलेजातल्या प्राचार्यांचं आडनाव आणि आधीची खोली का सोडली याचं कारण सांगितल्यावरच निघाली. कारण त्यांना पटलं नाही. पण खोली दिली. संशयित माणूस नजरेसमोर असलेला बरा, असा त्यामागे विचार होता, हे काकूंनी मला नंतर हसत हसत सांगितलं.

महाडच्या बाजारपेठेमागच्या आळीत ते घर होतं. खाली बंद पडलेलं भांड्यांचं दुकान, वर पुढच्या दोन खोल्यांत ते आणि काकू, मागची खोली माझी. सगळी आळी त्यांना काका म्हणायची, मीही काकाच म्हणायला लागले.

संशय मला नवीन नव्हता. माझे वडील कामगार संघटनेत होते. आमच्या घरी खुर्च्या कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. पाहुणा आला की गठ्ठ्यावर सतरंजी टाकून त्याला बसवायचं. मी अक्षरओळख शिकले तीही पत्रकांवर. संशय हा आमच्याकडे सद्गुण मानला जायचा, पण त्याला एक शिस्त होती: तो खालून वर घ्यायचा. मालकावर, मंत्र्यावर, कंपनीवर. शेजाऱ्यावर घ्यायचा नाही. काकांच्या संशयाला असली कुठलीच शिस्त नव्हती. तो वर जायचा, खाली जायचा, आडवा जायचा. दूधवाल्यावर जितका, तितकाच हवामान खात्यावर.

पावसाळ्यात ते सकाळी उठले की वर डोंगरात कुडपणला मेहुण्याला फोन लावायचे. "वर पाऊस कसा आहे?" डोंगरावर कोसळलं की खाली सावित्री नदी फुगते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण काकांचं तेवढ्यावर भागत नसे. लगेच दुसरा फोन डोंगरातल्याच उमरठला, एका जुन्या गिऱ्हाइकाला, तोच प्रश्न. दोघांचं सांगणं जुळलं नाही तर एक जण खोटारडा. जुळलं तर आणखी वाईट.

"जुळलं कसं?" ते मला विचारायचे. "एकमेकांना फोन केला असणार."

"काका, पाऊस खरंच पडत असेल दोन्हीकडे."

"मेहुणा आहे तो माझा. खरं कशाला बोलेल?"

कुणाकडे गेले आणि पाणी पुढे आलं, की ते तांब्या डोक्याच्या वर उचलून त्याचं बूड बघायचे. मग पाणी प्यायचे. नवीन माणसाला वाटायचं काहीतरी धार्मिक असेल. आळीतल्या बायका ते आले की काचेच्या ग्लासातच पाणी द्यायच्या, आणि त्यामुळे त्यांचा संशय अधिकच पक्का व्हायचा.

त्या बुडामागे एक गोष्ट होती, ती मला काकूंनी सांगितली. त्यांच्या दुकानातल्या प्रत्येक भांड्याच्या तळाला एक छोटी चांदणी ठोकलेली असायची. एकवीस सालच्या पुरात दुकानाचं शटर वाकलं आणि माल बाहेर पडला. स्टीलचा डबा झाकण घट्ट लावलेला असला की बुडत नाही. "माझ्या डोळ्यांदेखत दुकान पोहत गेलं गो," काकू म्हणाल्या. "आधी मोठे डबे, मागून छोटे. वरात निघाल्यासारखे."

काकांचा विमा होता. संशयी माणसाचा असतोच. आणि तो साधा आगीचोरीचा नव्हता, पुराचाही होता. आळीत असा एकट्या त्यांचाच. पण आमच्याकडे एक रीत आहे. पाणी उतरलं की चिखल त्याच दिवशी काढायचा. तो एकदा वाळला की कुदळीशिवाय निघत नाही. म्हणून मग कुणी बोलावण्याची वाट न बघता पोलादपूरकडून, आजूबाजूच्या गावांतून पोरं फावडी घेऊन येतात आणि दिसेल ते घर साफ करत सुटतात. काकांचं दुकानही त्यांनी साफ केलं. इतकं, की लादी चमकायला लागली. काकूंनी त्यांना चहा करून पाजला, कुठल्यातरी उसन्या पातेल्यात.

कंपनीचा सर्व्हेअर आला तो सगळं कोरडं झाल्यावर. दारात उभा राहून म्हणाला, "नुकसान दाखवा."

"ते गेलं ना," काका म्हणाले.

"गेलेलं मी कसं बघणार? राहिलेलं दाखवा."

"राहिलं असतं तर ते नुकसान कसं?"

सर्व्हेअरने स्वच्छ, रिकाम्या दुकानाचे फोटो काढले. कंपनीने वाकलेल्या शटरचे पैसे दिले. बाकी दुकान रिकामंच होतं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून काकांचं एक वचन होतं, ते येताजाता कुणालाही ऐकवायचे: "घर पडलं तरी चालेल, झाडू मारायचा नाही." आणि फावडी घेऊन आलेली पोरं कंपनीनेच पाठवली होती, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मी एकदा म्हटलं, काका, ती बिचारी चिखलात हात घालून राबली. ते म्हणाले, "फुकट कोण राबतं? तुम्ही अर्थशास्त्र शिकवता ना?"

याला उत्तर होतं माझ्याकडे. पण ते पत्रकात शोभलं असतं, त्यांच्यासमोर नाही.

आता रेघेकडे येते.

आमच्या आळीत पूर येऊन गेला की पाणी कुठवर चढलं तिथे भिंतीवर ऑइलपेंटने रेघ ओढतात आणि वर साल घालतात. कुणी सांगत नाही, ठराव नाही, पण ओढतात. एकवीस सालची रेघ माझ्या डोक्याच्याही वर होती. मी हात उंच केला की बोटं जेमतेम टेकायची. घराघरावर ती एकाच उंचीवरून गेलेली, त्यामुळे आळीच्या तोंडाशी उभं राहिलं की वाटायचं, पाणी अजून उतरलेलंच नाही, फक्त दिसत नाही.

पुरानंतर विमा ही काय चीज असते ते आळीला कळलं. काही जणांच्या कर्जाला बँकेने विम्याची अट घातली. काहींनी भीतीने घेतला. आणि मग दर वर्षी हप्ता वाढत गेला. ज्याच्या दुकानात पाणी येतं त्याला हप्ता जास्त, ज्याच्याकडे येत नाही त्याला कमी. ऐकायला किती न्याय्य! म्हणजे ज्याला गरज त्याला परवडू नये, आणि ज्याला परवडेल त्याला गरज नसावी. नदीत गाळ साचला तो आळीने आणून टाकला नव्हता. पाण्याच्या वाटेवर भराव पडले ते आळीने घातले नव्हते. डोंगरावरची झाडं आळीने विकली नव्हती. पण हप्ता मात्र आळीने भरायचा, तोही एकेकट्याने, ज्याचं त्याने.

हे मी पत्रकात लिहिलं. चार मैत्रिणींनी मिळून छापलं. मागणी साधी होती: पूररेषेतल्या छोट्या दुकानांचा आणि घरांचा विमा एकत्र काढा, हप्त्यातला मोठा वाटा सरकारने उचलावा, आणि नुकसानीचा पंचनामा चिखल काढायच्या आत व्हावा. काकांना पहिली प्रत दिली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, उलटून मागची कोरी बाजूही वाचली, आणि विचारलं, "छपाईचे पैसे कुणी दिले?"

"आम्हीच. पगारातून."

"कागद चांगला आहे," ते म्हणाले. म्हणजे विश्वास बसला नव्हता. त्या दिवसापासून मी 'पत्रकवाल्या बाई' झाले.

पत्रकाने काही झालं नाही. झालं ते पोलादपूरच्या एका विमा एजंटमुळे. मोठा गोड माणूस. कुणाकडेही गेला की आधी म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा. त्याने आळीत हळूच सोडून दिलं की कंपनीकडून नवा सर्व्हेअर येणार आहे, तो प्रत्येक भिंतीचा फोटो काढतो. आता भिंतीवरच तुम्ही स्वतः लिहून ठेवलंत, तर त्याने तरी काय करावं?

दिवाळीच्या तोंडावर आळीने भिंतींना रंग लावला. दर वर्षी कुणी ना कुणी लावतं, त्या वर्षी सगळ्यांनी लावला. शेजारी रंगाचं दुकान होतं. त्या शेठनी आळीला सवलतीत डबे दिले. पाहता पाहता रेघा गेल्या. विम्याच्या अर्जातल्या 'याआधी पाणी शिरलं आहे का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणायला आळी मोकळी झाली.

उरली ती काकांची. निळी, जाड, वर एकवीस साल. एका भिंतीवर रेघ असली की शेजारच्या भिंतीवर ती होतीच, एवढं सर्व्हेअरला कळतं. त्यामुळे आळी काकांच्या दारात आली. पुढे रंगवाले शेठ.

"काका, डबा मी देतो. माणूस मी देतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

"रंग कुणाच्या दुकानातला?"

"माझ्याच."

"बघा," काका माझ्याकडे वळून म्हणाले, जणू खटल्यात साक्षीदार फुटला होता.

शेठ वाईट माणूस नव्हता. तो वाईट असता तर लिहायला सोपं गेलं असतं. तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "काका, खरं बोलून परवडत असतं, तर मी खोटं बोललो असतो का? बँक म्हणते विमा आण. विमावाला म्हणतो एवढा हप्ता आण. एवढा हप्ता भरला तर दुकानात विकायला रंग कुठून आणू?"

"आणि उद्या पाणी आलं तर?"

"तर विमा आहे."

"हॅ!" काका म्हणाले. "पाणी आलं की कंपनी म्हणेल, तुम्ही तर म्हणालात कधी आलंच नाही. न देण्याचं कारण आपणच त्यांच्या हातात द्यायचं, वर हप्ताही द्यायचा. अरे, तो एजंट तुमच्या पाया पडतो तेव्हा पाय धरून बघत असतो, किती ओढता येईल."

हे मला पटलं. पूर्ण पटलं. नेमकं त्यामुळे मला काकांचा संशय आला. इतकी वर्षं हा माणूस एकही सरळ विचार करत नाही आणि आज एकदम बरोबर बोलतो, ते का? आळीत तोवर कुजबूज सुरू झालीच होती. काका कंपनीला फितूर आहेत. काकांना आळीतले भाव पाडायचेत, शेजारचा गाळा स्वस्तात घ्यायचाय. कुणी म्हणे त्यांना सर्व्हेअरच्या गाडीतून उतरताना पाहिलं. मी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "त्यांना रिक्षावाल्याचाही भरवसा नाही, ते कुणाच्या गाडीत बसतील?" तरी माझ्या मनातलं गेलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही पुरतं गेलेलं नाही.

शेठचा शेजारचा एक गाळा रिकामा होता. मार्चमध्ये तो बघायला सुगंधाताई आली. तळीयेच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीतली. तळीयेला दरड कोसळली तेव्हापासून तिच्या वाडीत पाऊस लागला की कुणाला झोप येत नसे. म्हणून ती नवऱ्याला आणि सासूला घेऊन खाली आली होती. नवरा एमआयडीसीत रोजंदारीवर जायचा. गाईगुरं आणि अंगावरचं मोडून तिने पिठाची गिरणी घेतली होती, जुनी पण चांगल्या मोटरची. ती एकदा बसवली की उचलून पळता येत नाही. तिच्यापाशी होतं नव्हतं ते सगळं त्या एका यंत्रात आलं होतं.

शेठनी तिला गाळा दाखवला. भिंती ताज्या रंगाच्या. "पाणी? येतं कधीमधी. पायरीपर्यंत," शेठ म्हणाला. वरून मी आणि काका दोघांनी ऐकलं.

मी जिना उतरायला लागले. काकांनी मला अडवलं. "थांबा. आधी बघू, बाई खरी आहे का."

"म्हणजे?"

"कंपनीनेच पाठवली असेल. आळी काय बोलते ते ऐकायला."

मी चिडले. म्हटलं, काका, त्या बाईचं सगळं बुडेल. ते म्हणाले, "म्हणूनच बघतो ना." आणि खाली जाऊन त्यांनी त्या बाईची उलटतपासणी घेतली.

"कुठून आलीस?"

"डोंगरातून आले, काका."

"कुणी पाठवलं?"

"डोंगरानीच."

काकांनी चष्मा नीट केला. मग विचारलं, "गिरणीचा विमा काढलास?"

"इचारलं होतं एजंटला. त्यानी सांगितला त्या हप्त्यात दोन-तीन वर्सांत दुसरी गिरणी येईल. नाय काढला." आणि मग तिने आवाज खाली करून विचारलं, "काका, तुम्ही म्हातारं मानूस हाय, खरं सांगा. हितं पानी किती येतं? येतं ते ठाव हाय मला, म्हाडात पानी येतं हे कुनाला ठाव नाय? पन किती येतं ते कोन सांगंना. ज्याला इचारावं तो पायरी दाखवतो."

काकांनी तिला हाताने थांबायची खूण केली. ते शेठच्या दुकानात गेले आणि निळ्या ऑइलपेंटचा लहान डबा आणि एक ब्रश मागितला. शेठला वाटलं, आले शेवटी ताळ्यावर. त्याने डबा फुकट देऊ केला. काकांनी पैसे दिले आणि पक्कं बिल मागितलं. बिल खिशात घालून त्यांनी ओळखीच्या गवंड्याकडून पाण्याची नळी आणवली. गवंडी लोक दोन भिंतींची पातळी जुळवायला वापरतात ती पारदर्शक नळी. एका टोकाला पाणी जिथे थांबतं, तिथेच दुसऱ्या टोकाला थांबतं.

भर दुपार होती. आळीतली सगळी दुकानं उघडी. काकांनी नळीचं एक टोक स्टुलावर चढून स्वतःच्या रेघेला लावलं आणि दुसरं सुगंधाताईच्या हातात दिलं. "धर भिंतीला. वर. आणखी वर. आता थांब."

सुगंधाताई शेठच्या गाळ्याच्या भिंतीला नळी धरून चवड्यांवर उभी राहिली. नळीतलं पाणी हलत हलत स्थिर झालं. तिने मान मागे टाकून बघितलं. ते तिच्या कपाळाच्या बरंच वर होतं.

"परत एकदा," काका म्हणाले. "या नळीचाही भरवसा नाही."

परत एकदा झालं. पाणी तिथेच थांबलं. काकांनी तिथे निळी रेघ ओढली, वर साल घातलं. शेठ धावत आला.

"काका! माझी भिंत आहे ती!"

"भिंत तुझी," काका म्हणाले. "पाणी तुझं नाही."

बोलाचाली झाली, ती सगळी लिहीत नाही. शेठ रडवेला झाला होता. एजंटही कुठून तरी उगवला आणि या वेळी कुणाच्या पाया पडला नाही. मी मध्ये पडून जे बोलले ते बहुधा माझ्या पत्रकातलंच होतं. कुणी ऐकलं नाही. सगळे काकांवर तुटून पडले होते, आणि सुगंधाताई मात्र आत गाळ्यात उभी राहून वर बघत होती. रेघेपासून छतापर्यंत. मग तिने बाहेर येऊन रेघेखाली उभं राहून हाताने वरची उरलेली जागा मापली, पुन्हा आत गेली, तुळईला हात लावून बघितला.

"मोटर मावते," ती म्हणाली.

"काय?" शेठ म्हणाला.

"दगडाला पान्यानी काय होत नाय. पट्टा नवा घालता येतो. मरते ती मोटर. ती पावसाच्या आधी उघडून साखळीनी वर टांगली, वर जागा हाय. रेघेच्या वर." मग पदर खोचून ती शेठसमोर उभी राहिली. "शेट, आता भाडं सांगा. मघाशी सांगितलंत ते पायरीपर्यंतच्या पान्याचं होतं. आता ह्या पान्याचं सांगा."

 पाठीमागून कुणीतरी हसलं, आणि शेठ आणखी चिडला. पण गाळा पुरानंतर रिकामाच पडून होता, आणि रेघ आता भिंतीवर होती. भाडं उतरलं.

सर्व्हेअर आला तेव्हा आळीत दोन रेघा होत्या. त्याने दोन्हींचे फोटो काढले, आणि त्यांच्यामधल्या सगळ्या नव्या रंगाच्या भिंतींचेही. मग आळीला खरा हप्ता कळला. बऱ्याच जणांनी विमा सोडला. काहींनी कर्ज काढून भरला. शेठने बँकेला काय सांगितलं मला माहीत नाही. तो महिनाभर माझ्याशीही बोलला नाही. म्हणजे ज्यांना खोटं बोलून विमा परवडत होता त्यांना आता खरं बोलून परवडेनासा झाला. यात काका जिंकले असं मला कधीच वाटलं नाही. जे खरे जिंकले ते या आळीत राहतच नाहीत. आणि ज्यांनी हरायला हवं होतं तेही नाहीत. ते कुठेतरी उंचावर, कोरड्या ऑफिसात बसतात.

आळीने शिक्षा कुणाला केली? सुगंधाताईला. काकांना केली असती, पण त्यांच्याशी बोलणं बंद केलं तर त्यांना ते आवडलंच असतं. गिरणी सुरू झाली आणि दळण घेऊन कुणी फिरकलं नाही. बायका भर उन्हात पुढच्या आळीतल्या गिरणीपर्यंत डबे घेऊन जायच्या. सुगंधाताई दार उघडून, मोटर पुसून बसायची. तिची सासू दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायची, "बाय, दळन हाय का गो?" बाया मान खाली घालून पुढे जायच्या. असं बरेच दिवस चाललं. मोटर पाण्यापासून वाचायची तेव्हा वाचली असती. आधी ती आळीपासूनच वाचत नव्हती. सुगंधाताईच्या नवऱ्याने गिरणीला गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली, दळणाचं नव्हे, विकत घेणारं.

मी माझे तांदूळ घेऊन गेले, माझ्या मैत्रिणीही आल्या. त्याने काही फरक पडला नाही. आम्ही पत्रकवाल्या, आम्ही कुठल्याही बाजूला उभ्या राहतो, त्यासाठी आम्हाला कारण लागत नाही, असं आळीचं मत.

मग एका सकाळी काका तांदळाचा डबा घेऊन खाली उतरले. आजवर त्यांनी दळण कधीच बाहेर दिलं नव्हतं. गिरणीवाला पीठ मारतो, आणि आपल्या तांदळात दुसऱ्याची नाचणी येते, हे त्यांचं जुनं मत. काकू घरच्या जात्यावर दळायच्या आणि त्यांच्या नावाने खडे फोडायच्या. त्या दिवशी जात्याचा खुंटा मोडला होता, असं काकू म्हणतात. मी तो बघायला मागितला नाही.

काका स्टूल घेऊन गिरणीच्या थेट तोंडाशी बसले. "आधी काय दळलंस?"

"कायच नाय, काका. कोन आलंच नाय."

"तरी पहिली मूठ टाकून ते पीठ बाजूला काढ."

तिने काढलं. काकांनी ते पीठ चिमटीत घेऊन उजेडात धरलं, चाखलं, थुंकलं. मग डबा तिच्या हातात दिला, पण झाकण स्वतःकडे ठेवलं. गिरणी सुरू झाली. ते वाकून पिठाची धार बघत राहिले. मध्ये दोनदा गिरणी थांबवायला लावली. पीठ झाल्यावर डबा हलवून, वजन करून, पुन्हा वजन करून घेतला. समोरच्या ओट्यांवर बाया गोळा झाल्या होत्या. रंगाच्या दुकानातून शेठ बघत होता. काकांचे केस, भुवया, चष्मा सगळं पांढरं झालं होतं. शेवटी ते उठले, झाकण लावलं, सांगितली तेवढी दळणावळ दिली आणि घरी आले.

तांदूळ गेला होता तेवढं पीठ परत आलं होतं. थोडी घट धरतात ती सोडून. काका दिवसभर अस्वस्थ होते.

"बाई," ते मला म्हणाले, "पीठ बरोबर आहे. दरही पुढच्या आळीपेक्षा कमी लावला. काहीतरी आहे यात. उद्या परत बघतो."

दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन उतरले तेव्हा गिरणीसमोर बायांची रांग होती. रांगेत शेठची बायकोही होती. काका थबकले. एकेकीच्या डब्याकडे, मग चेहऱ्याकडे बघितलं. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. हे सगळं एका रात्रीत, कुणाच्यातरी सांगण्यावरून झालं होतं, याची त्यांना खात्री पटली होती.

"काय गो," त्यांनी रांगेतल्या शेवटच्या बाईला दरडावून विचारलं, "तुम्हाला इथं कुणी पाठवलं?"

"तुम्हीच की, काका," ती म्हणाली आणि त्यांना उभं राहायला जागा करून दिली.